ऑटो एक्स्पोजर असताना इमेजिंगच्या कोर्सला एवढं फिजिक्स कशाला?

कोलिमेटर:
नमस्कार मंडळी. मेडिकल इमेजिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, पॅथॉलॉजीत गेलं, ते घोकंपट्टी करून निभावलं. आता रेडिएशन फिजिक्स, इक्विपमेंट, इमेज क्वालिटी, प्रोटेक्शन असा सगळा मारा एकदम सुरू झालाय आणि डोक्यावरून चाललंय. पोस्टिंगला जातो तिथे कन्सोलवर 'चेस्ट पीए' (पाठीकडून किरण सोडून छातीची इमेज) निवडलं की केव्हीपी (ट्यूबचं व्होल्टेज, किरणांची ताकद) आणि एमएएस (किरणांचं प्रमाण) आपोआप भरतात, ऑटो एक्स्पोजर कंट्रोल म्हणजे एईसी स्वतःच बीम बंद करतो, काही सेकंदात इमेज स्क्रीनवर. मग ट्यूबमधल्या टार्गेटला टंगस्टनच का आणि ब्रेम्सस्ट्रालुंगचा (टार्गेटमध्ये इलेक्ट्रॉनचा वेग कमी होताना निघणाऱ्या एक्स-रेचा) ग्राफ काढा हे कशासाठी?

त्यात नवीन सबमिशन आलंय, इमेज क्रिटिक. विभागातल्या इमेजेस घ्यायच्या, पेशंटची ओळख काढायची, प्रत्येकीवर एक पान लिहायचं. त्यात प्रश्न आहे 'एक्स्पोजर योग्य होतं का?' जवळजवळ सगळ्या वर्गाने 'इमेज क्लिअर आहे, एक्स्पोजर योग्य' असंच लिहिलं आणि सगळ्यांची पानं 'कशावरून?' असा शेरा मारून परत आली. आता क्लिअर दिसतेय म्हणजे योग्यच ना? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिसरंवर्ष:
+१, आमच्या बॅचलाही हाच शेरा होता, मॅडम वेगळ्या असतील पण शेरा तोच. एक सांगतो, क्रिटिक लिहिताना क्रम ठरवून घे नाहीतर पानभर 'इमेज चांगली आहे' हेच वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं जातं. आधी मार्कर (डावी-उजवी बाजू दाखवणारी खूण) आणि ओळख, मग व्ह्यू कोणता, पेशंट सरळ उभा आहे का, श्वास पूर्ण घेतलाय का, कोलिमेशन म्हणजे बीम हव्या त्या भागापुरता आवळलाय का, आणि सगळ्यात शेवटी एक्स्पोजर. एक्स्पोजरच्या प्रश्नावर मात्र जुने लोक आणि फिजिक्सवाली ताई बोलतील, त्यांची वाट बघ.

बटणवाला:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. फील्डमध्ये बरीच वर्षं काम करतोय, ब्रेम्सस्ट्रालुंग कोणी विचारलेलं आठवत नाही. काम काय असतं, घाबरलेल्या माणसाला धीर देणं, हात मोडलेल्या पोराला न रडवता पोझिशन देणं, आणि रांग हलती ठेवणं. परीक्षेपुरतं वाच, पास हो, पुढे सगळं हाताने शिकशील.

जुनीडार्करूम:
बटणवाले, पेशंटबद्दल म्हणताय ते सोळा आणे खरं आणि कोर्सला त्याचे मार्क कमीच ठेवलेत. पण बाकीचं पटलं नाही.

कोलिमेटर, मी फिल्मच्या जमान्यातला. तेव्हा एक्स्पोजर चुकलं की फिल्म स्वतःच ओरडायची. जास्त झालं की काळीकुट्ट, कमी झालं की पांढरी फटक, डेव्हलपरमधून बाहेर आली की टेक्निशियनचा चेहराच सांगायचा. फिल्मची सहनशक्तीच कमी होती. डिजिटल डिटेक्टरचं तसं नाही, तो खूप कमीपासून खूप जास्तपर्यंत सगळं टिपतो आणि मागचं सॉफ्टवेअर इमेजचा हिस्टोग्राम बघून उजेड-अंधार नीट लावून देतं, मोबाईलचा कॅमेरा रात्रीचा फोटो उजळवून देतो तसंच. त्यामुळे दुप्पट-तिप्पट एक्स्पोजर दिलं तरी इमेज छानच दिसते. उलट जास्त दिलं तर नॉइज कमी होतो म्हणून जास्त छान दिसते! कमी दिलं तर दाणेदार दिसते आणि डॉक्टर कुरकुर करतात. मग माणूस काय करतो? हळूहळू फॅक्टर वाढवत नेतो, कारण जास्तीबद्दल कोणी बोलत नाही आणि कमीबद्दल लगेच फोन येतो. याला डोस क्रीप म्हणतात आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून 'क्लिअर आहे' या उत्तराला शून्य मार्क. क्लिअर असण्याने 'कमी नव्हतं' एवढंच सिद्ध होतं.

कोलिमेटर:
बाप रे. म्हणजे जास्त झालं तरी डोळ्याला कळणारच नाही? मग 'कशावरून' लिहायचं तरी काय?

फिजिक्सवाली:
शिकवते हाच विषय, म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

इमेजच्या कोपऱ्यात किंवा इन्फोच्या पॅनलमध्ये एक्स्पोजर इंडेक्स असतो, ईआय. डिटेक्टरपर्यंत किती किरण पोचले त्याचा हा आकडा. आधी प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असायचा, एकीचा एक्स्पोजर वाढलं की वाढायचा आणि दुसरीचा वाढलं की उलटा कमी व्हायचा, एका विभागातून दुसरीकडे गेलेल्या माणसाचं डोकं फिरायचं. २००८ मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं स्टँडर्ड आलं आणि ईआयची एकच व्याख्या ठरली, डिटेक्टरपाशी जितके मायक्रोग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) त्याच्या शंभरपट. म्हणजे अडीच मायक्रोग्रे पोचले तर ईआय २५०.

पण नुसता २५० बघून काय कळणार? म्हणून प्रत्येक तपासणीला विभागाने एक टार्गेट ठरवायचं असतं आणि त्या टार्गेटपासून तुम्ही किती सरकलात ते डीव्हिएशन इंडेक्स सांगतो, डीआय. ईआयला टार्गेटने भागा, त्याचा दहाच्या पायावर लॉग घ्या, दहाने गुणा. बरोबर जमलं तर शून्य. +१ म्हणजे साधारण २६ टक्के जास्त, –१ म्हणजे २० टक्के कमी, +३ म्हणजे दुप्पट, –३ म्हणजे निम्मं. लॉगचा धडा अकरावीत 'याचा पुढे उपयोग काय' म्हणून सोडून दिला असेल ना, तर हा उपयोग.

आता महत्त्वाचं. डीआय म्हणजे पेशंटचा डोस नव्हे! डिटेक्टरला काय मिळालं ते. जाड पेशंट आणि बारीक पेशंट दोघांचा डीआय शून्य येऊ शकतो, पण जाड माणसाच्या कातडीवर पडलेला डोस कितीतरी जास्त असेल. पेशंटच्या बाजूने काही लिहायचं तर डोस-एरिया प्रॉडक्ट (डोस गुणिले बीमचं क्षेत्रफळ) बघायचा. हे दोन वाक्यांत लिहिलंस तरी तपासणाऱ्याला कळतं की पोराला समजलंय.

कोलिमेटर:
ताई हे भारी आहे, आम्हाला लॉगचं सूत्र फळ्यावर लिहून दिलं होतं पण ते कन्सोलवरच्या त्या आकड्याचं आहे हे कोणी बोललंच नाही. मग पुन्हा तोच प्रश्न, एईसी असताना डीआय चुकतोच कसा? तो तर डिटेक्टरला पुरेसं झालं की बंद होतो ना?

जुनीडार्करूम:
हाच खरा प्रश्न आहे, आणि तुझ्या पहिल्या पोस्टचं उत्तरही इथेच आहे.

एईसी फक्त एकच गोष्ट ठरवतो, कधी थांबायचं. केव्हीपी तू निवडतोस (किंवा प्रीसेट निवडतो, आणि प्रीसेट कोणीतरी माणसानेच भरलेला असतो). डिटेक्टरच्या पुढे किरण मोजणारे आयनायझेशन चेंबर असतात, साधारणपणे तीन, दोन बाजूला आणि एक मध्ये. ज्या चेंबरवर तू टिक केलंस त्याच्यावर जे पडतं तेवढंच त्या बिचाऱ्याला दिसतं. पीए चेस्टला दोन बाजूचे घ्यायचे कारण त्यांच्यावर फुप्फुसं येतात. आता आधीच्या पेशंटचं लॅटरल (बाजूने) केलं होतं आणि मधलाच चेंबर चालू राहिला, तर पुढच्या पीएला त्या चेंबरसमोर येतो मेडियास्टिनम (दोन फुप्फुसांमधला, हृदयाचा भाग) आणि कणा, तिथून किरण कमी येतात, चेंबर म्हणतो अजून पाहिजे अजून पाहिजे, तोवर फुप्फुसं भाजून निघाली. इमेज? सॉफ्टवेअरने सावरून दिलेली, मस्त दिसणारी. डीआय मात्र वर.

उलटंही होतं. खांदा किंवा बारीक अवयव चेंबरवर नीट बसला नाही आणि चेंबरचा थोडा भाग उघडा राहिला तर त्याच्यावर थेट बीम पडतो, चेंबरला वाटतं झालं, बंद. इमेज दाणेदार. आणि खुब्यात धातूचा सांधा असेल आणि तो नेमका चेंबरवर आला तर बीम चालूच राहतो, शेवटी बॅकअप टाइम (आधीच ठरवलेली कमाल मर्यादा) येऊन तोडतो.

आता सांग यात मशीनने काय चूक केली? त्याला सांगितलं ते केलं.

बटणवाला:
चेंबरचं मान्य. पण हे मी ग्राफ न काढता शिकलोच की.

जुनीडार्करूम:
शिकलात, कारण तुमच्या बाजूला कोणीतरी उभं राहून सांगणारं होतं. आता एका खोलीत एकच माणूस असतो, सांगणार कोण?

पल्सइको:
सोनोग्राफीवाली इथे. आमच्याकडे तर फिजिक्स नाही आलं तर रोगच चुकतो. मशीन धरून चालतं की आवाज शरीरात सगळीकडे १५४० मीटर प्रति सेकंद जातो, एक सेंटिमीटर जाऊन-येऊन १३ मायक्रोसेकंद, त्यावरून खोली काढतं. चरबीत तो हळू जातो, साधारण १४५०, त्यामुळे चरबीच्या थरामागची वस्तू खरी आहे त्याहून खोल दिसते. हे तरी किरकोळ. यकृतात डायफ्रामजवळ गाठ असली की डायफ्राम आरशासारखं काम करतो आणि तीच गाठ डायफ्रामच्या वर, छातीत, दुसऱ्यांदा दिसते. मिरर इमेज आर्टिफॅक्ट. ज्याने ते लेक्चर बुडवलं तो छातीत गाठ लिहून मोकळा!

आणि काही आर्टिफॅक्ट तर आमचे मित्र आहेत. खड्यामागे काळी सावली पडते म्हणून तर तो खडा, पाण्याच्या गाठीमागे उजळ पट्टा येतो म्हणून तर ती पाण्याची. त्यामुळे आर्टिफॅक्टचा चॅप्टर कोणी ऑप्शनला टाकू नका प्लीज.

फक्तवाचक:
धागा आवडला, बरंच नवीन कळतंय. माझी बहीण याच कोर्सला जाणार म्हणतेय, आईचा जीव वरखाली होतोय रेडिएशनमुळे. विद्यार्थ्यांना किती धोका असतो? उगाच विषयांतर होत असेल तर सोडून द्या.

फिजिक्सवाली:
विषयांतर कसलं, प्रोटेक्शन हा पूर्ण पेपर आहे. आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय रेडिएशन संरक्षण आयोगाच्या शिफारशीप्रमाणे रेडिएशनमध्ये काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीरावरच्या डोसचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ५० च्या वर नाही. सर्वसामान्य माणसाला १. अठरा पूर्ण नसलेल्या, १६ ते १८ मधल्या शिकाऊंना ६ ची मर्यादा आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि वायव्हाला हमखास विचारतात. डोळ्याच्या लेन्सची मर्यादा आधी १५० होती, २०११ मध्ये ती थेट २० वर आणली, जुन्या नोट्समध्ये १५० असेल तर खोडा. तुलनेसाठी सांगते, नुसतं पृथ्वीवर राहण्याचे म्हणून जागतिक सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट सगळ्यांना मिळतातच आणि एका पीए चेस्टला पेशंटला साधारण ०.०२.

नेहमीच्या एक्स-रे विभागात कंट्रोल पॅनलच्या मागे उभं राहून काम करणाऱ्याच्या बॅजचा (अंगावर लावायच्या डोस मोजणाऱ्या बिल्ल्याचा) आकडा या मर्यादेच्या खूप खाली असतो. कॅथलॅब (हृदयाच्या नळ्यांची तपासणी), सी-आर्म (ऑपरेशनमधलं फिरतं एक्स-रे मशीन) ही जागा जपून राहायची, तिथे पेशंटच्या अंगातून स्कॅटर म्हणजे विखुरलेले किरण येतात आणि तुम्ही शेजारीच उभे असता. एक मीटर लांब उभं राहिलात तर अंदाजे पेशंटवर पडणाऱ्याच्या हजाराव्या भागाइतका स्कॅटर पोचतो, दोन मीटरवर गेलात की त्याचाही चौथा हिस्सा. एक पाऊल मागे सरकणं फुकट आहे. आईंना सांगा बॅज रोज लावायचा आणि ॲप्रन घडी न घालता टांगायचा, आतलं शिसं तुटतं.

तिसरंवर्ष:
ॲप्रनवरून आठवलं, गोनाड शील्डचं (जननेंद्रियांवर ठेवायच्या शिशाच्या तुकड्याचं) काय करायचं परीक्षेत? जुन्या पुस्तकात सरळ लिहिलंय ठेवायचंच, पोस्टिंगला मात्र विभागात काढून टाकलंय, आणि सरांना विचारलं तर 'दोन्ही बरोबर' म्हणाले. असं कसं दोन्ही बरोबर?

रिपोर्टवाला:
रेडिओलॉजी रेसिडेंट. दोन्ही बरोबर नाही, काळ बदलला. १९५० च्या दशकापासून शील्ड ठेवायची पद्धत होती, तेव्हाचे डोस मोठे होते आणि पुढच्या पिढीवर होणाऱ्या परिणामाची भीतीही फार होती. २०१९ मध्ये अमेरिकेच्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने म्हणजे एएपीएमने नेहमीची पद्धत म्हणून हे बंद करा असं सांगितलं, २०२१ मध्ये तिथल्याच रेडिएशन संरक्षणाच्या संस्थेने, एनसीआरपीनेही तेच म्हटलं. कारणं लिहा आणि मार्क घ्या. आता डोस खूप कमी झालेत, शरीराच्या आत जो स्कॅटर होतो तो वरच्या शिशाने अडत नाही, शील्ड सरकली की नेमका बघायचा भाग झाकते आणि रिपीट करावा लागतो. आणि सगळ्यात मजा म्हणजे शील्ड एईसीच्या चेंबरसमोर आली तर एईसी म्हणतो अजून पाहिजे, आणि ज्याला वाचवायला गेलो त्यालाच जास्त डोस. वर डार्करूम काकांनी सांगितलं तेच गणित.

हात धुवून घेतोच आता. मार्कर. मार्कर बीममध्ये पाहिजे, नंतर कॉम्प्युटरवर 'एल' चिकटवलेला नव्हे. ज्याचं हृदय जन्मतः उजवीकडे आहे अशा पेशंटची इमेज कोणीतरी 'उलटी आलीये' म्हणून फिरवतो आणि वर एल चिकटवतो, की मला रिपोर्टला काहीही संशय येत नाही. क्रिटिकमध्ये 'मार्कर बीममध्ये आहे' की 'नंतर टाकलाय' हे वेगळं लिहा.

आणि बेडवरच्या एपी (पुढून किरण सोडून घेतलेल्या) इमेजवर हृदय मोठं आहे असं लिहू नका हो. डिटेक्टर पाठीमागे, हृदय पुढे, ट्यूब जवळ, मोठं दिसणारच. ५० टक्क्यांचा कार्डिओथोरॅसिक रेशो (हृदयाची रुंदी भागिले छातीची रुंदी) पीएसाठी आहे.

कोलिमेटर:
जवळ-लांबवरून, अंतराची गणितं पण डोकं खातायत. १०० सेंमीवर अमुक एमएएस तर १८० सेंमीवर किती. पाठ करून लिहितोय.

फिजिक्सवाली:
पाठ नको करू. अंतर १.८ पट झालं, वर्ग केला की ३.२४, म्हणजे डिटेक्टरवर तेवढंच पाडायचं तर एमएएस ३.२४ पट. १०० ला २ एमएएस लागत असतील तर १८० ला साडेसहा. १८० वर का जायचं? हृदय कमी मोठं दिसावं आणि कडा धारदार याव्यात. एवढं अंतर गेलं की जास्त किरण लागतात, ते ट्यूबने द्यायचे, आणि ट्यूबमध्ये जाणाऱ्या ऊर्जेतली ९९ टक्के नुसती उष्णता होते. आता कळलं टंगस्टन का? ३४२२ अंश सेल्सियसला वितळतं, आणि अणुक्रमांक ७४ असल्यामुळे किरणही चांगले निघतात. तुझ्या पहिल्याच पोस्टमधला प्रश्न होता तो.

केव्हीपीचा १५ टक्क्यांचा नियमही असाच. ७० चा ८० केला की डिटेक्टरपाशी एमएएस दुप्पट केल्यासारखा परिणाम होतो, म्हणून एमएएस निम्मा करायचा. पेशंटचा डोस कमी होतो पण कॉन्ट्रास्ट घसरतो, कारण हाड आणि मांस यांच्यातला फरक मुख्यतः फोटोइलेक्ट्रिक परिणामामुळे (किरण अणूत पूर्ण शोषले जाण्यामुळे) दिसतो आणि ऊर्जा वाढली की तो घनाच्या प्रमाणात कमी होतो. छातीला हेच आपण मुद्दाम करतो, ११०-१२५ केव्हीपी, बरगड्या फिक्या पडल्या तर चांगलंच, मागचं फुप्फुस दिसतं. हाताला ५०-५५, तिथे हाडच बघायचंय.

चुंबकदादा:
एमआरआयवाले राहिलेच की! आमच्याकडे आयनायझिंग रेडिएशन नाही म्हणून विद्यार्थी निवांत होऊन येतात, आणि तिथेच घोळ होतो. मॅग्नेट बंद नसतो, रात्रीही, स्कॅन नसतानाही. ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर, स्ट्रेचर, खिशातली कात्री, सगळं खेचलं जातं. सेफ्टीचं असाइनमेंट लिहिताना इम्प्लांटच्या कार्डावर 'एमआर कंडिशनल' (ठरावीक अटींवरच एमआरआय चालेल) दिसलं की 'चालतंय' असं लिहून मोकळे होऊ नका, ती कंडिशन काय आहे ते वाचा. १.५ टेस्लाला चालतं म्हणून ३ ला चालेल असं नाही हे सगळ्यांना पटतं, पण ३ ला चालतं म्हणून १.५ ला चालेल हेही धरायचं नाही हे पटत नाही. रेडिओ लहरींची फ्रीक्वेन्सी बदलते ना, हायड्रोजनची ४२.५८ मेगाहर्ट्झ प्रति टेस्ला, म्हणजे १.५ ला जवळपास ६४ आणि ३ ला १२८. इम्प्लांटच्या वायरची लांबी कुठल्या फ्रीक्वेन्सीला नेमकी जुळेल आणि टोकाला तापेल हे टेस्लाच्या आकड्यावरून ठरवता येत नाही.

टी१, टी२ (एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट ठरवणाऱ्या वेळा) यांवर वेगळा धागा काढा कोणीतरी, इथे पुरणार नाही.

नर्सिंगची_वही:
तुमच्या धाग्यात घुसतेय. आम्हाला आणि तुम्हाला बायोस्टॅट एकत्र असतं ना, तो पेपर पण 'कशाला' वाल्या यादीत टाकू नका. एक गणित आमच्या सगळ्या वर्गाला हादरवून गेलं. आजार शंभरात एकाला, टेस्टची सेन्सिटिव्हिटी (आजारी पकडण्याचं प्रमाण) ९० टक्के, स्पेसिफिसिटी (निरोग्याला निगेटिव्ह सांगण्याचं प्रमाण) पण ९० टक्के. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर खरंच आजार असण्याची शक्यता किती? सगळे म्हणाले ९०. करून बघा, हजार माणसं घ्या, १० आजारी, त्यातले ९ पकडले. ९९० निरोगी, त्यातले ९९ उगाच पॉझिटिव्ह. १०८ पॉझिटिव्हमध्ये खरे ९, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास.

रिपोर्टवाला:
हे एआयवाल्यांच्या डेमोला विचारायचं असतं. 'आमचं सॉफ्टवेअर ९० टक्के अचूक' म्हटलं की विचारा, कुठल्या लोकांत आणि आजार किती जणांना होता?

कोलिमेटर:
मंडळी सगळ्यांचे आभार. वरचं सगळं वाचून एक पान परत लिहिलं, इमेज टाकत नाही, मजकूर टाकतो. बघा जरा:

'पीए चेस्ट, उभ्याने, १८० सेंमी. डावा मार्कर बीममध्ये. क्लॅव्हिकलची (गळपट्टीच्या हाडांची) आतली टोकं स्पायनस प्रोसेसपासून (मणक्याच्या मागच्या टोकापासून) सारख्या अंतरावर नाहीत, थोडं रोटेशन आहे. डायफ्रामच्या वर मागच्या नऊ बरगड्या मोजता येतात. स्कॅप्युला (खांद्याची पाती) फुप्फुसाच्या बाहेर. कोलिमेशन खालून सैल. डीआय +४, म्हणजे टार्गेटच्या अडीच पट. मधला चेंबर निवडलेला होता, त्यामुळे एईसीने मेडियास्टिनमच्या हिशोबाने एक्स्पोजर लांबवलं असावं. इमेज दिसायला चांगली आहे पण एक्स्पोजर जास्त झालं. रिपीट करायला हवं होतं.'

जुनीडार्करूम:
शेवटचं वाक्य सोडून उत्तम. रिपीट कशाला? जास्त डोस झाला म्हणून अजून एक डोस द्यायचा?

फिजिक्सवाली:
काकांनी बरोबर जागी बोट ठेवलं. एक्स्पोजर जास्त झाल्याने इमेज वाया गेली असेल तरच रिपीट, म्हणजे डिटेक्टर सॅच्युरेट होऊन फुप्फुसाच्या बाहेरच्या कडा पूर्ण काळ्या झाल्यात आणि विंडो (स्क्रीनवरचा उजेड-कॉन्ट्रास्ट) बदलूनही काही दिसत नाही असं असेल तर. इथे तसं दिसत नाही. लिही, 'रिपीट नको, पुढच्या पेशंटआधी चेंबर तपासावा आणि घटना नोंदवावी.' रोटेशनसाठी रिपीट लागेल का हे डॉक्टरांना काय बघायचं होतं त्यावर, म्हणून रिक्वेस्ट फॉर्मवरचं कारण पण एका ओळीत दे.

अजून एक, डीआय लिहिण्याआधी टार्गेट कुठल्या तपासणीचं होतं ते बघितलंस का? कन्सोलवर चुकून दुसरा भाग निवडलेला असला तर टार्गेट दुसरं लागतं आणि +४ ला काही अर्थ राहत नाही. 'असावं' हा शब्द मात्र ठेव, तू तिथे नव्हतास.

तिसरंवर्ष:
आणि इमेज टाकली नाहीस ते बरं केलंस. नाव पुसलं तरी डायकॉम फाइलच्या (मेडिकल इमेज साठवायच्या फॉरमॅटच्या) हेडरमध्ये जन्मतारीख, नंबर, वेळ सगळं बसलेलं असतं, आणि कधीकधी इमेजवरच छापलेलं असतं. सबमिशनला पण स्क्रीनचा मोबाईलने फोटो काढून लावू नको, विभागाकडून रीतसर घे.

बटणवाला:
चेंबर तपासण्याचं मी आमच्याकडच्या नव्या पोरांना उद्यापासून सांगणार आहे. ग्राफ मात्र काढायला लावणार नाही हां.

कोलिमेटर:
टार्गेट बघितलं, छातीचंच होतं. रिक्वेस्टवर 'खोकला, ताप' होतं, तेही टाकलं. रिपीटचं वाक्य बदललं. पुढची इमेज गुडघ्याचं लॅटरल आहे, कंडाइल्स (मांडीच्या हाडाची खालची दोन गोल टोकं) एकावर एक आलेले नाहीत आणि ट्यूबला अँगल दिला होता की नाही ते कळत नाहीये, ती इथेच विचारू का?

तिसरंवर्ष:
नवीन धागा काढ, हा लांबलाय. आणि अँगल एक्स्पोजरच्या नोंदीत सापडतो का ते आधी बघ, काही मशीन ट्यूबचा अँगल हेडरमध्ये लिहून ठेवतात.